सरची अट

बाबा, पहिलेच सांगून ठेवते, लिहिण्यात चुका होतीन, रागावू नका. टायपिंगच्या क्लासात मराठी मशीनवर बसली आहो. अक्षरं लवकर सापडत नाहीत, एकेका बोटानं ठोकून राहिली. बाजूची पोरगी कागद भरते तवर माही एक ओळ होते. तुम्ही गेले तेव्हा मी लहान होती, तुमच्यासमोर बोलाले लाजत होती. आता बोलते.

ताईचं सांगाचं आहे. तुम्ही चुलीजवळ बसून संत्र्याची साल चिमणीच्या ज्योतीवर पिळत होते, चटचट ठिणग्या उडत. ताई विचारे, "बाबा, काहून उडते?" तुम्ही म्हणत, "मले काय माहीत वं! तू शिक आन् मले सांग." मी मागं गप्प. एकदा मलेही रागावले, "तुह्या तोंडात जीभ आहे का नाही?" ताई खरंच शिकली, बाबा. केमिस्ट्रीत एमेस्सी झाली, फस्ट क्लास. आई लोकाइच्या घरी स्वयपाक करे, म्हणून सातवीनंतर शाळा सोडून घर मी पाहिलं. त्याचं मले काही नव्हतं. एकीनं तरी पुरं शिकावं.

मंग पेपरात पीएचडीची जागा निघाली. दर महिन्याले स्कॉलरशिप भेटते, पण गाईड सरची सही पाहिजे, त्याच्याशिवाय अर्जच घेत नाहीत. अर्ज मीच क्लासातल्या इंग्रजी मशीनवर टाईप केला. इंग्रजी समजत नाही, अक्षर पाहून पाहून ठोकला. सरकडे मीही गेलती, दाराजवळ उभी होती. सर अर्ज न वाचताच म्हणे, "मुली टिकत नाहीत. लग्न झालं की निघून जातात, माझी जागा वाया जाते. आधी लग्न करून ये."

घरी येऊन ताई आईले म्हणे, "पाहा पोरगा. पण नागपुरातलाच पाहा."

"आता काहून एवढी घाई वं?"

"माहं लगन कुठं आहे आई, सरची अट पुरी करून राहिली मी."

लगन झालं. भाऊजी चांगले आहेत, रेल्वेत आहेत, शीक म्हणतात. जागा परत निघाली, अर्ज परत मीच ठोकला. ताई हातभर हिरव्या बांगड्या घालून सरसमोर उभी आहे. सर बांगड्याइकडे पाहून म्हणतात, "आता वर्षभरात मूल होईल. मग?"

बाहेर आल्यावर रिक्षात ताई एवढंच म्हणे, "पोट्टं झालं की सर म्हणतीन, आता त्याचं लगन होऊ दे." आम्ही दोघी हासलो. मंग मनीषनगरपर्यंत ती हातातल्या बांगड्या मागंपुढं करत राहिली. मले एवढा राग आला बाबा, तरी सरसमोर तोंडातून आवाज निघाला नाही.

आता ती दुसऱ्या सरकडे जाते म्हणते. तो अर्जही मीच करून राहिली. काल नावाच्या जागेवर एकदा माहं नाव ठोकून पाहिलं. चांगलं दिसत होतं. मंग कागद फाडला. ताईले सांगितलं नाही. हे पत्र तुमाले कुठं टाकू, तेही कळत नाही.

आन् हो, हुडकेश्वरच्या काकाची म्हैस विहिरीत पडली होती. दोर लावून काढली. दूध देऊन राहिली.