वैदूच्या लग्नाची तारीख

प्रिय वैदू,

फोनवर आपण बापलेक भाजी काय केली आणि पाऊस पडला का, एवढंच बोलतो. बाकीचं तुझी आई बोलते. पण आजचं मलाच लिहायचंय, आणि त्यापायी दोन कागद फाडून झालेत. हसू नकोस!

इथे सेलूत धमाल चालू आहे. तुझी आई लग्नाच्या नादात रोज एक डबा हरवायलीय आणि मलाच विचारायलीय. मालनआत्या मुक्कामाला आलीय. थोरली बहीण माझी, तिच्या हुकमाशिवाय घरात पान हलत नाही.

गेल्या वर्षी तुझी पाळी कित्येक महिने आलीच नाही, तेव्हा आई देव पाण्यात घालून बसली होती. आत्याने तर भलतीच शंका काढली. शेवटी मीच तुला परभणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बायकांच्या त्या गर्दीत एकटा मी, कपाळाला गंध, हातात तुझी पर्स! सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पीसीओडी निघालं. बाई म्हणाल्या, लय मुलींना असतं, घाबरू नका. वेळेवर जेवण, झोप, रोज चालणं आणि दिलेली औषधं. मनाने दुकानातून गोळ्या आणायच्या नाहीत. मला ते लगेच पटलं. अगं, आमच्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, अधिक महिना येतो, म्हणून पंचांग कोणी फेकून देतं का? आणि पाळी पुन्हा आली त्या दिवशी आईने शिरा केला. शेजारचे लिंबाजीराव कशाचा शिरा, कशाचा शिरा, विचारत राहिले आणि आम्ही दोघंही आपापल्या वाटीत बघत बसलो.

आता तारखेचं. माझं उभं आयुष्य मुहूर्त काढण्यात गेलं. बाहेर मी पंचांग बघतो, आतल्या खोलीत बायका नवरीच्या पाळीचे दिवस बोटांवर मोजतात, आणि आतून होकार आला की तारीख ठरते. तुझ्या वेळी आतून होकारच येईना. कसा येणार, तुझी अजून मागेपुढे होते. मग आत्याने तोड काढली, पाळी लांबवायच्या गोळ्या. पाकीट आणूनही ठेवलं, आणि तू फोनवर बरं म्हणालीस म्हणे.

माझं डोकंच फिरलं. तडक नर्मदाबाईंना, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना, फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, हे असं आहे, पटत असेल तर पुढे जाऊ. वाटलं, आता सोयरीक मोडली. आणि मग बाई अशा हसल्या! म्हणाल्या, गुरुजी, माझी तर ऐन लग्नाच्या सकाळी आली होती. भीतीने कोणाला बोलले नाही, आणि संसार कसा झकास झालाय बघा. तू अवधूतला सगळं आधीच सांगितलंयस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. शाब्बास गं माझी वाघीण!

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की ते पाकीट मी आत्याच्या देखत दुकानात परत देऊन आलोय. तारीखही ठरवली, आतल्या खोलीला न विचारता. त्या दिवशी पाळी आली तर येऊ दे. पोट दुखलं तर खुशाल सांग, मंगलाष्टकं आवरती घ्यायला लावतो. पण भीत भीत, लपवत बोहल्यावर चढायचं नाही. तुझा हात अवधूतच्या हातात मीच देणार आहे, पाळी आली असली तरी, नसली तरी.

तुझाच,
अप्पा