अजनीला उतरणारी बाई

८ डिसेंबर

धुकं! समोरचा फलाटच नाही. रूळ थोडेसे दिसतात, मग संपतात. जणू अजनी स्टेशनच्या पुढं काही बांधायचं राहूनच गेलं.

मी रोजच्यासारखी खांबाला टेकून अर्धवट झोपेत. दिवसभर बुटीबोरीच्या कंपनीतल्या लॅबमध्ये बिस्किटांतला ओलावा मोजायचा — त्याआधीची ही झोप माझी हक्काची. वर्ध्याकडून येणारी गाडी समोर थांबली, गेली. ती गेली तसं धुकं मधोमध फाटलं आणि बाकावर एक बाई दिसली. हिरवी साडी, अंगात पुरुषाचा स्वेटर, कानाला रुमाल. माझ्याकडे बघत होती. एकदम उठून ओरडली — "हर्षा! वं हर्षा!"

मागं वळून पाहिलं. माझ्यामागं कुणीच नव्हतं.

मग माझा हात वर गेला. काहून गेला, देव जाणे! बाई हळूच खाली बसली, आणि मध्ये माझी गाडी आली.

बाबा चैत्यभूमीवरून परतले. पायांत गोळे आलेत, पण खुश आहेत.

९ डिसेंबर

आजही होती. तिनं आधी हात केला. मग मी.

१२ डिसेंबर

आता सवयच झाली. ती उतरते, बाकावर दम खाते, माझ्याकडे हात करते आणि पूल चढून मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाजूनं निघून जाते. ओरडत मात्र नाही आता.

या स्टेशनवर माणूस घरचाही नसतो आणि कामावरचाही नसतो. मोठ्या स्टेशनवर धक्के, हमाल, घोषणा. इथं सकाळी सगळे हळू बोलतात, कुणाचं तरी मूल झोपलेलं असल्यासारखे. चहाचा वास येतो. लिंबाची पानं रुळावर पडतात. गाडी येईपर्यंत मी कुणीही असू शकते. हर्षासुद्धा!

पण हे बरोबर नाही. कुणाची तरी पोरगी आहे ती हर्षा. सांगायला पाहिजे त्या बाईला.

१६ डिसेंबर

सांगितलं. म्हणजे — सांगायला गेले.

माझी गाडी लेट होती. पूल ओलांडून त्या बाजूला गेले. जवळून बाई वयानं फार नाही, पण चेहरा ओढलेला. मी म्हटलं, "मावशी, मी हर्षा नाही."

ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"मग?"

"पहिल्या रोजी वाटलं तीच हाय. धुई होती ना! उंची तशीच, उभं राहणं तसंच. दुसऱ्या रोजी समजलं, नोहे. पण तू हात केला होता. मंग मी काहून थांबवू?"

ती हसली. "बस ना वं. गाडी येते तवा येते."

रुखमाबाई नाव. सिंदीच्या पलीकडून, आतल्या गावाहून येते. छातीची गाठ काढली, आता मेडिकलमध्ये रोज शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागतो. नवरा — रुपराव — कापूस वेचणीत अडकलेला, म्हणून एकटी येते. भीती नाही वाटत? तर म्हणे, "गाडीत बरं वाटते. कोणी काही मांगत नाही."

अगदी माझ्या मनातलं वाक्य!

१७ डिसेंबर

आज मुद्दाम लवकर गेले. तिला पुलाच्या पायऱ्या उतरवताना हात धरला. खाली आल्यावर तिनं विचारलं, "नाव काय म्हणली तू?"

"नंदिनी."

"पुरं सांग."

"नंदिनी धम्मानंद रामटेके."

गप्प झाली. असं गप्प होणं मला शाळेपासून ओळखू येतं. मग म्हणाली, "हर्षाचा नवरा बी तुमच्यातलाच हाय."

माझा हात तिच्या हातात होता. आता सोडेल, म्हणून मीच बोटं सैल केली. तिनं नाही केली.

२१ डिसेंबर

रविवार. विहारातून आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तिनं हात सोडला असता तर?"

"तर तुम्हाला सांगितलंच नसतं."

मग — "दुसऱ्याच्या घरातलं हाय बेटा. जपून." आणि पुन्हा पेपर. पण पान उलटलं नाही त्यांनी.

दुपारी झोप लागली. स्वप्नात अजनीचे दोन्ही फलाट हळूहळू जवळ सरकत होते. माझी आई समोर बसली होती, साडी ओळखीची. मी दहावीत असताना गेली ती. चेहरा मात्र धुक्यात. मी हाक मारली तर तोंडातून गाडीची शिट्टी निघाली! जागी झाले तर शेजारचा कुकर.

२२ डिसेंबर

हर्षाबद्दल आज स्वतःहून बोलली.

चार वर्षं झाली. कॉलेजसाठी नागपुरात राहिली, इथंच लग्न केलं. रुपरावांनी नाव टाकलं तिचं. घरात कुणी काढायचं नाही. "माझ्याजवळ फोन नाही. फोन घरच्या माणसाजवळ राहते. नंबर तरी कोणाले मांगू?" गावातला गोविंदा चष्मा करायला नागपूरला आला होता, त्याला सदर भागात एका चष्म्याच्या दुकानात दिसली म्हणे.

"मी जाऊन बघू का मावशी?"

"नको. शोधू नको. तिले यायचं असन तं येईन." मग माझी गाडी दिसायला लागली तेव्हा — "जाडी झाली म्हणे. गोविंदा सांगत होता."

हे मला का सांगितलं? 'नको' म्हणून झाल्यावर?

२५ डिसेंबर

कंपनीला सुटी. गेले सदरला.

सगळीकडे चांदण्या टांगलेल्या, केकच्या दुकानापुढं रांग. चष्म्याच्या तिसऱ्या दुकानात मिळाली. छातीवर नावाची पट्टी होती, पण त्याआधी हनुवटी दिसली. हुबेहूब रुखमाबाई! विचारलं, "तुम्ही रुपरावांच्या हर्षा का?" तिच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. मला ओढतच बाहेर जिन्याखाली नेलं.

"बाबांनी पाठवलं?"

"नाही. तुमची आई रोज अजनीला उतरते..."

"माझी आई!" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "तिला म्हणा, हर्षा मेली. तेरवी घातली ना माझी! लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. फोटोला हार, सगळ्या गावाला जेवण. मैत्रिणीनं मोबाइलवर फोटो पाठवले. कोण वाढत होतं पंगतीत, माहीत आहे? आई!"

तरी सांगितलं — गाठ, ऑपरेशन, शेक. ती ऐकत राहिली. खिशातलं फडकं काढून ती हातातली फ्रेम पुसत होती. तिच्यात काच नव्हतीच.

"गिऱ्हाईक आहे," म्हणाली आणि आत गेली. मग परत दार उघडून मला दुकानाचं कार्ड दिलं. का, ते नाही सांगितलं.

घरी चालत निघाले, मग ऑटो केला. सगळं शहर चांदण्यांचं, आणि माझ्या डोक्यात ती पंगत.

२६ डिसेंबर

मी बाकाजवळ जायच्या आधीच म्हणाली, "गेली होती ना तू."

खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. तेरवीचंही. तिनं कानाचा रुमाल सोडला. केस अगदी कमी राहिलेत.

"खरं हाय. सारा स्वयंपाक मीच रांधला. आलू-वांगं, पोळ्या, बुंदी. दुसऱ्या बाया म्हणत होत्या, तू राहू दे. पण पोरीच्या नावाचं जेवण, ते दुसऱ्याच्या हातचं कसं होऊ देऊ? असं वाटलं मले तवा. आता तू म्हण काय म्हणायचं ते."

मी तिच्या हातातला रुमाल घेऊन त्याची घडी घातली.

"आन मी जेवली बी, नंदिनी. साऱ्यांच्या मागून. भूक लागली होती." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "हे बी सांगजो तिले. लपवू नको."

माझी गाडी आली. मी चढले नाही. दुसऱ्या गाडीनं गेले, लॅबमध्ये बोलणी खाल्ली. खिडकीतून बाहेर तुरीची शेतं पिवळी होती आणि धुई त्यांच्यावर बसल्यासारखी. त्यात कुठंतरी कुणीतरी जेवत होतं, असं वाटत राहिलं.

२९ डिसेंबर

ती काही विचारत नाही. मीही सांगत नाही. दोघी बाकावर बसतो. आज तिनं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. बिया हातातच धरून ठेवल्या, फलाटावर टाकल्या नाहीत.

२ जानेवारी

कामावरून परस्पर सदरला गेले. हर्षा एका चष्म्याची काडी बसवत होती, तिच्याशी मान वर न करता बोलायला लागले. आईनं सांगितलं तसंच, तिच्याच शब्दांत. रांधलं. वाढलं. जेवली बी. भूक लागली होती.

हर्षाच्या हातून स्क्रू पडला. आम्ही दोघी काउंटरखाली शोधत बसलो. खाली बसल्या बसल्याच ती म्हणाली, "नाही जेवली असं सांगायचं ना तिनं! मी मानलं असतं." मग हसली — या वेळी खरं हसणं — आणि त्याच हसण्यात रडायला लागली. "अशीच आहे आई. अशीच!"

स्क्रू मलाच सापडला.

निघताना तिनं विचारलं, "शेक कधी संपतो?"

"पुढच्या आठवड्यात. मग नाही यायची ती इकडे."

ती बोटानं काच साफ करत राहिली, डाग नव्हता तरी.

५ जानेवारी

रुखमाबाई उतरली नाही. गाडी आली, गेली. बाक रिकामा.

६ जानेवारी

आजही नाही!

शेक मधे मोडायचा नसतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. फोन नंबर नाही, गाव मला धड माहीत नाही. डब्यातून उतरणाऱ्या एका बाईला विचारलं, तर म्हणाली, "ते हिरव्या साडीवाली? दिसली नाही बाप्पा." बाबा म्हणाले, "ताप आला असेल. उद्या येईल." पण त्यांनीच संध्याकाळी पुन्हा विचारलं, "आली होती का ती?"

शेवटी दुकानाच्या कार्डावरचा नंबर लावला. हर्षा आली फोनवर. सांगितलं. पलीकडे दुकानातलं गाणं ऐकू येत राहिलं. मग म्हणाली, "कोणत्या फलाटावर उतरते?"

७ जानेवारी

पूल उतरून पाहते तर हर्षा बाकावर! निळी शाल, मांडीवर पर्स, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसलेली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

गाडी आली. खूप लोक उतरले. दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, हातात एक्स-रेची पाकिटं घेतलेले म्हातारे. हर्षा उभी राहून प्रत्येक बाईचा चेहरा बघत होती. धुक्यातून एक हिरवी साडी आली, ती दोन पावलं पुढं धावली — दुसरीच कुणी होती. ती बाई दचकली. हर्षा "माफ करा" म्हणाली आणि फलाट रिकामा होईपर्यंत तिथंच उभी.

मग विचारलं, "केस गेलेत का तिचे?"

"थोडे आहेत."

"लांब होते. मी विंचरून द्यायची."

नवऱ्याचा फोन आला तिला. "नाही आली," एवढंच म्हणाली. मग त्याचं बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी, "बाबा दारात उभं करतील का मला, सुशील?" तो काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.

८ जानेवारी

आज धुकं नव्हतं. हर्षा माझ्याच फलाटावर आली, माझ्याच गाडीत, माझ्याशेजारी खिडकीत बसली. बुटीबोरीला मी उतरले. गाडी पुढं सिंदीला जाते.

ती बसून राहिली.