खुशालीची पत्रं

पाचगणी

आये,

रंजना लांबूनच तुझ्या पाया पडते.

माझं इथं बरं चाललंय. दोन टाइम जेवण हाय, झोपायला पलंग हाय. मॅडमना जुनी पत्रं जमवायचा नाद. मी त्यांची धूळ ब्रशनं झाडते नि प्लॅस्टिकच्या पाकिटांत भरते. पत्रांचे फोटो काढीन म्हणून माझा फोन त्यांनी कपाटात ठेवलाय. गेटची चावी पण त्यांच्याकडंच. दिवाळीला सोडलं नाय. शिमग्याचं विचारलं, तर नुसत्या हसल्या.

धसईच्या बाजाराला अजून तूच जातेस काय? गुडघा कसा हाय?

एक गंमत सांगते. इथं शंभर वर्सांची पत्रं हायत, पण सगळ्यांत सगळे खुशाल! तेव्हा कुणाला दुःखच नव्हतं काय, मला कळंना. मग आठवलं, मी लहान असताना मामाच्या मयताचं पत्र आलं, ते तू वाचून घेतलंस नि उंबऱ्याबाहेरच फाडलंस. वाईट बातमीचं पत्र आपण घरात ठेवत नाय. मग ती इथवर पोचतील कशी?

हे पत्र दूधवाल्याच्या हातात गुपचूप देते. संजूदादाकडून वाचून घे. काळजी करू नको, मी खुशाल हाय.

वाचून झालं की हे फाडून टाक गो आये.

तुझी,
रंजना