लिटरला चार टोपणं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठापैकी चार अंगांचा नमस्कार आत्ता स्वीकारावा, उरलेली अंगं सुटी झाल्यावर पाठवीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींच्या कानातलं यंत्र दुरुस्त झालं का, की तुझं बोलणं ऐकू येत नाही हे सुख ते अजून उपभोगताहेत? दोघांनाही माझा नमस्कार, गुडघ्याला आणि दाजींना.

इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे उत्तमच. मी सोसायटीचा सचिव झालो हे तुला फोनवर सांगितलं आहे (दोनदा, असं ही म्हणते). वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती सोसायटी आली की काय होतं ते लोक आता बघताहेत. पहिलं काम हाती घेतलं ते खालच्या पार्किंगचं. तिथे बंद पडलेल्या गाड्यांनी ठाण मांडलं होतं. एकीच्या सीटमध्ये तर मांजर दुसऱ्यांदा व्यायलं. मी स्वतःच्या अक्षरात नोटीस लिहिली: जी गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत येणार नाही, ती महिनाअखेरीस भंगारात जाईल. प्रत्येक गाडीला दोन संधी. कोणालाही सवलत नाही, सचिवालासुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि हिला तीन वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, अहो, आपली स्कूटर आठ वर्षं हललेली नाही. मी म्हटलं, हलवू.

आपली म्हणजे अण्णांची. तीच ती, हिरवी, डाव्या अंगाला पोचा आलेली. तुला माहीत आहे की पंपावर तेल मिसळलेलं पेट्रोल तयार मिळत होतं तोवर मी ती रोज चालवली. ते बंद झालं आणि मी तिच्यावर कापड टाकलं. (ही सुट्टी होती, निवृत्ती नव्हे.) हे इंजिन दोन स्ट्रोकचं, त्याला तेल वेगळं दिलेलं चालत नाही, पेट्रोलातूनच पाजावं लागतं. कमी पडलं तर आतून जळतं, जास्त झालं तर धूर ओकतं. म्हणजे सगळी मदार मापावर, आणि माप हा तर माझा प्रांत. जन्मभर मी दुसऱ्यांची मापं तपासून शिक्के मारले. शिवाय सगळ्या सोसायटीला मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की अण्णांनी मिश्रण कसं करायचं ते मला एकट्याला शिकवलं होतं, लिटरला चार टोपणं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, दहा मिलीचं. (तू आत्ता भुवई उंचावली असशील. खाली घे, पुढे वाच.)

मेस्त्रीने कार्ब्युरेटर धुतला, टाकी धुतली, प्लग बदलला, आणि तेल किती घालणार म्हणून विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात मी त्याला हाताने थांबवलं. कपाटातून पितळी मापं काढली, शिक्क्याची. दोन लिटर पेट्रोल, ऐंशी मिली तेल, थेंब इकडचा तिकडे नाही. तेल टाकीत ओतलं, झाकण लावलं, किक मारली. चौथ्या किकेला कंबर गेली आणि सहाव्या किकेला इंजिन सुरू झालं. ताई, तो आवाज ऐकला आणि मी किकवरचा पाय काढायचा विसरलो. अण्णा कामावरून आले की गल्लीच्या तोंडापासून आपल्याला कळायचं, तोच आवाज, तसाच मधेच एक ठोका गिळणारा.

मग धूर आला. आला म्हणजे काय, निळा, दाट, जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत. लोकांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजी नाकाला पदर लावून खाली आल्या आणि म्हणाल्या, बरं झालं बाबा, आधीच्या सचिवाने तीन वर्षांत एकदासुद्धा डासांची फवारणी केली नव्हती. चारचौघांत आजींना खोटं पाडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी डास खरोखर कमी होते. हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावं असा माझा विचार आहे.

इतका धूर निघाला म्हणजे माप चुकलं, असं खजिनदार म्हणाले. (हे माझ्याविरुद्ध निवडणुकीत सात मतांनी पडलेले गृहस्थ.) मी म्हटलं, माप चुकणं शक्य नाही, तेलच हलकं असणार. म्हणून धूर न होणारं महागाचं तेल आणलं. दुकानदाराने त्याच्यासोबत एक बाटली गळ्यात मारली, इंजिनाची शक्ती वाढते म्हणे. ती घातल्यावर वास छान येऊ लागला, बाकी काही वाढलं नाही. मग खजिनदारांनीच खासगीत सांगितलं की टाकीत डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या की जुनं इंजिन घोड्यासारखं पळतं. शत्रूचा सल्ला घेऊ नये हे मला कळतं, पण गोळ्या कपाटात होत्याच. त्यानंतर स्कूटर सुरू केली की लोकरीच्या कपड्यांची ट्रंक उघडल्यासारखं वाटायचं. पण धूर मात्र हळूहळू कमी होत गेला. मी मनात म्हटलं, जिंकली. आणि गेल्या रविवारची वेळ सर्वांना कळवून टाकली.

रविवारी सगळी सोसायटी फाटकाशी. मी इस्त्रीचा सदरा घालून अण्णांच्या सीटवर. धुराचा मागमूस नाही, इंजिन कसं मऊ चाललेलं. फाटकाबाहेर पडलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी एक हात सोडून तो हलवलासुद्धा. टाकीचा वळसा अर्धा झाला आणि इंजिनाचा आवाज कोरडा झाला, टिणटिण वाजू लागलं, आणि ते जागच्या जागी थांबलं. हात लावला तर पोळला. स्कूटर ढकलत परत आणली. फाटक ते टाकी हे अंतर एकशे दहा पावलं आहे, येताना ते दुप्पट होतं. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. नोटीस माझी, रेघा माझ्या, पहिली संधी संपली.

मेस्त्रीने इंजिन निवू दिलं, उघडून पाहिलं. पिस्टन थोडक्यात वाचलाय, म्हणाला, पुन्हा असं झालं तर कायमचा चिकटेल. मग त्याने टाकीत बारीक काठी घालून पाहिली आणि विचारलं, काका, तेल डब्यात पेट्रोलबरोबर हलवून घेतलं होतं ना? नुसतं ओतलं तर ते तळाशी बसतं. आधी निव्वळ तेल जातं, म्हणून धूर. ते संपलं की कोरडं पेट्रोल, म्हणून इंजिन तापतं. एवढं तर तुम्ही घरात बघितलंच असेल.

बघितलं होतं. तू मागच्या पायरीवर बसायचीस, डबा मांडीवर घेऊन तो हलवत शंभरपर्यंत मोजायचीस. मला वाटायचं, तू उजळणी म्हणतेस. पण ते एक असो. लिटरला चाळीस मिली हे माप बिनचूक होतं, हे मी आजही शिक्का मारून सांगतो. दुसरी संधी येत्या रविवारी आहे, त्यानंतर सोमवारी भंगारवाल्याची गाडी येणार (मीच बोलावून ठेवली आहे). काळजी नसावी. तुझा भाऊ अशा प्रसंगांना पुरून उरतो. दाजींना ठणठणीत मोठ्याने नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा (सचिव)

ता. क. लग्न होऊन जाताना तू अण्णांकडून ते औषधाच्या बाटलीचं टोपण मागून नेलं होतंस. सगळे हसले होते, मी सगळ्यात जास्त. ते अजून असेल तर कुरिअरने पाठव. घाई नाही, शनिवारपर्यंत पोचलं म्हणजे झालं.

ता. क. दुसरा. (हे मी लिहितेय. ते पाकीट आणायला खाली गेलेत.) ताई, टोपणाचं काही मनावर घेऊ नका, घरात पितळी मापांचं कपाट भरलंय. तुम्हीच या. रविवारी स्कूटर ढकलत आणल्यावर खजिनदारांनी सगळ्यांसमोर विचारलं की अण्णांनी तुम्हाला शिकवलं होतं ना? ह्यांनी आधी स्कूटर स्टँडवर लावली. मग म्हणाले, मला नाही, आमच्या ताईला शिकवलं होतं. ती अकरा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या हातचं मिश्रण होतं आणि स्कूटर एक दिवस बंद पडली नाही. आमच्या ताईसारखा हात तुमच्यात कोणाला आहे का, असं वर खजिनदारांनाच विचारलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतक्या ऐटीत बोलताना पाहिलं नव्हतं, सचिव झाले तेव्हासुद्धा नाही. नंतर मात्र घरून कापड नेऊन स्कूटर पुसत बसले. तुम्हाला बोलवायला लाजताहेत.

ता. क. तिसरा. हिने वर काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, तूही वाचू नकोस. शनिवारी दुपारच्या गाडीला मी स्टँडवर उभा आहे. गुडघ्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली मागून ठेवली आहे, आणि मागच्या पायरीवर उशी. डबा धुऊन वाळवलाय. नरसाळं मी धरीन, आणि लहानपणी ते हलवून तुझ्या फ्रॉकवर तेल सांडलं होतं, ह्या वेळी हलवणार नाही.