विठाच्या नावावरचा नळ

उल्हासनगर, कॅम्प नं. ४
ता. ११ मार्च १९५४

बनूताई, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवतो आणि कामावर जातो. (तुम्ही विचाराल, म्हणून आधीच लिहिले.)

विठाला जाऊन परवा तीन महिने होतील. आमच्या बॅरकीसमोरच्या नळावर चाळीस बिऱ्हाडे, आणि पाणी सकाळी तासभर. ती होती तोवर तिथे भांडण झाल्याचे मी ऐकले नाही. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी दोन हंडे चेपले. लगेच शेजारच्या सिंधी पार्पतीबाई पाचसहा जणींना घेऊन दारात आल्या. "अदा, ये आपके घर का काम है," म्हणाल्या. (अदा म्हणजे भाऊ.) नळ वारशाने येतो हे मला ठाऊक नव्हते.

मी कारकून माणूस. खोल्यांच्या नंबरांप्रमाणे यादी करून भिंतीला लावली. यादीत चूक नव्हती. पण पहिल्या पाळीचा नाथा अंघोळीवाचून कारखान्यात गेला आणि बाळंतीण गोदूच्या वाट्याला नळ जाता जाता एक तांब्या आला. मग पाच जणींची कमिटी निवडली. कमिटीने पहिल्याच सभेत ठराव केला की कमिटीने आधी भरावे. त्या दिवशी चार हंडे चेपले आणि कॅम्पच्या कचेरीची नोटीस आली: पुन्हा तक्रार आली तर नळ काढून मैदानापलीकडे बसवू. म्हणजे गोदूने ओल्या अंगाने तिथून हंडा वाहायचा.

विठा हे कसे करीत असे, याचे मला कुतूहल वाटू लागले. अकरा वर्षांच्या संसारात कधी विचारले नव्हते. आता एकेकीला विचारले. कुणी म्हणाली ती ओरडायची, कुणी म्हणाली हसायची. जनू म्हणाली, "काय नाय करायची, नुसती उभी असायची." शेवटी पार्पतीबाईंकडून कळले की ती सर्वांच्या मागून भरायची. जी शेवटी भरते तिला कोण म्हणणार, की तू आपल्या सोयीने नंबर लावतेस? (इथे आल्यापासून पाच वर्षे मी अर्ध्या बादलीत अंघोळ केली आणि रोज कुरकुर केली. त्याचे आता वाईट वाटते.)

हल्ली शेवटी मी उभा राहतो. मला बोलता येत नाही, त्यामुळे कोण आधी ते बायकाच ठरवतात. महिना झाला, एकही हंडा चेपला नाही.

अडचण निराळीच आहे. नळाला जबाबदार कोण, ते कचेरीने लिहून मागितले. कुठल्याच नावावर एकमत होईना. झाले ते विठाच्या. मला न सांगता सर्वांनी सह्या-अंगठे करून अर्ज दिला, तो मंजूरही झाला. काल साहेब पाहणीला आले आणि रांग पाहून वहीत "बाईंची व्यवस्था उत्तम" असे लिहून गेले. अठरा वर्षे कागद सांभाळणाऱ्याला खोटा कागद सोसत नाही. दुरुस्ती करायलाच हवी.

आपला,
महिपती

ता. क. दुरुस्तीच्या अर्जात नावापुढे "मयत" असे लिहावे लागते. तीनदा टाक हातात घेतला. अर्ज सोबत पाठवत आहे. तेवढा एक शब्द तुम्ही लिहावा.

(पाकिटाच्या पाठीवर) अर्ज आत घालायचा राहिला. पाकीट चिकटवून झाले आहे. राहू दे.