ब्रेक नवा नव्हता

मी, नरसिंग हनुमंत पांचाळ, वय चौसष्ट वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, मूळ गाव बिलोली, हल्ली मुक्काम बार्शी रोड, लातूर, माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते आज लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी मार्चमध्ये माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. नवा माल टाकला की जुना दाखवायचा ही आमच्या धंद्याची रीत, पण तिथे काही मागायची माझी हिंमत झाली नाही. हा कागद लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही किंवा फसवलेले नाही. या कागदात फसवणारा एकच आहे आणि तो मी आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी मला नमुना दिला होता. त्यात सगळे अर्ध्या पानात बसत होते. माझे बसत नाही, त्याला त्यांनी इलाज नाही असे सांगितले.

कलम १. राहते घर पत्नी पंचफुलाबाई हिचे. तिच्या पश्चात मुलगा आदर्श याचे. तिच्या हयातीत कोणी तिला वरच्या मजल्यावर पाठवून खालचा भाग भाड्याने देऊ नये. तिचे गुडघे जिना चढत नाहीत. आदर्श, हे तुलाच उद्देशून आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

कलम २. बँकेतली ठेव, पोस्टातली ठेव आणि माझी दुचाकी हेही पंचफुलाबाईचे. तिचे बंधू व्यंकटराव यांनी नऊ वर्षांपूर्वी माझा मोठा जॅक दोन दिवसांसाठी म्हणून नेला. तो त्यांनी ठेवून घ्यावा. मात्र माझ्या तेराव्याला उभे राहून त्यांनी माझ्या सचोटीवर बोलू नये. त्यांना बोलायची हौस आहे, म्हणून आधीच लिहून ठेवले.

कलम ३. सगळे पाने, सॉकेटचे खोके, चेनपुली आणि हवेचा कॉम्प्रेसर किशनला द्यावा. किशन माझ्याकडे बावीस वर्षे मिस्त्री आहे. त्याने जे वाईट केले ते मी सांगितले म्हणून केले. त्यातला त्याचा वाटा मी माझ्यावर घेतो. त्याने स्वतःचे गॅरेज टाकावे आणि माझे नाव पाटीवर लावू नये.

कलम ४. गॅरेजमधल्या कपाटाखाली हिरवी पत्र्याची पेटी आहे. तीत झिजलेले ब्रेक पॅड, फुटके बेअरिंग, गळके पंप असा माल आहे. बघणाऱ्याला तो कचरा वाटेल, म्हणून सांगतो. शहाणे गिऱ्हाईक म्हणते, नवा भाग टाकला असेल तर काढलेला दाखवा. त्याच्यासाठी ही पेटी होती. गाडीतला जुनाच भाग पुसायचा, वरून चंदेरी रंगाचा फवारा मारायचा आणि परत बसवायचा. मग पेटीतून त्याच जातीचा एक भाग काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचे, बघा, किती गेला होता तुमचा. गिऱ्हाईक हळहळते, बिल देते आणि बहुधा तो भाग तिथेच टाकून जाते. मग तो परत पेटीत. एकच क्लच प्लेट मी अकरा जणांना त्यांची म्हणून दाखवलेली आहे. त्यातही जुनी गाडी विकत घेतलेला माणूस सगळ्यांत सोपा. आपल्या गळ्यात काहीतरी बिघडलेले मारले आहे ही धास्ती त्याला आधीच असते. आम्ही नुसते बॉनेट उघडून गप्प उभे राहायचे.

ही पेटी भंगारात द्यायची नाही. भंगारातला माल फिरून कोणाच्या तरी पेटीत जातो. किशनने गॅस कटरने प्रत्येक भागाचे दोन तुकडे करावेत आणि पंचफुलाबाईने ते मोजून घ्यावेत.

कलम ५. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते.

जुलै २०१९ मध्ये मुरुडचे श्री. आनंदराज रामकिशन सोनकांबळे माझ्याकडे एक पांढरी गाडी घेऊन आले. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे जनावरांच्या जखमा धुऊन बांधणारे. गाडी नऊ वर्षांची जुनी, पण त्यांच्या घराण्यातली पहिली. चालवायला ते चार महिन्यांपूर्वीच शिकले होते. सोबत मुलगी लुंबिनी होती, वय अठरा. विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि बाप तिला स्वतःच्या गाडीतून प्रवेशाला नेणार होता. ते हे मला दोनदा म्हणाले.

ब्रेकचे पायडल मऊ लागत होते. पायाचा जोर चाकांपर्यंत नेणारा जो पंप असतो, मास्टर सिलिंडर, तो गळत होता. खालची जागा तेलाने ओली झाली होती. मी नवा टाकावा लागेल म्हणालो आणि नव्याचे बिल केले. नवा मागवला नाही. तोच काढला, मागच्या खोलीत नेऊन आतले रबर पुसून परत घातले, किशनकडून रंग मारून घेतला, ताजे तेल भरले. पायडल टणक लागायला लागले. असे काम दोन-तीन महिने टिकते. मग गिऱ्हाईक परत येते आणि तेव्हा खरोखर नवा टाकायचा, असे आम्ही नेहमी करायचो. त्यात कोणाचा जीव जाईल हे माझ्या मनातही आले नाही. हे मी सुटका म्हणून लिहीत नाही. ते मनात यायला हवे होते.

आनंदराज यांनी जुना भाग दाखवा म्हटले. मी पेटीतला काढून दिला. ती मुलगी टायरांच्या ढिगावर बसून माझे सगळे काम बघत होती. तिने तो भाग बापाच्या हातातून घेतला, बोट फिरवले आणि मला विचारले, "काका, आमचा तर तेलानं भिजला व्हता. ह्यो कोरडा कसा?"

मी म्हणालो, "पुसून दिलाय, बाई. तू इंजिनियर झालीस की मला शिकव." किशन हसला. आनंदराज यांनी तिला दटावले, मोठ्या माणसावर असा संशय घेऊ नये म्हणाले, आणि माझ्यापुढे हात जोडून तिच्या वतीने माफी मागितली. ती माफी मी घेतली.

एकविसाव्या दिवशी, प्रवेशाला जाताना, लोह्याच्या अलीकडच्या उतारावर, शेतातून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह रस्त्यावर आला. आनंदराज यांनी पाय दाबला आणि पायडल रिकामे खाली गेले. गाडी डाव्या अंगाने ट्रॉलीखाली शिरली. लुंबिनी डावीकडे बसली होती. ती जागीच गेली.

गाडीचे पुढचे तोंड चेंदामेंदा झाले होते, त्यात तो सिलिंडरही फुटला, त्यामुळे तपासून काही कळण्यासारखे उरले नाही. पोलीस माझ्याकडे आले. मी बिलाची नक्कल दाखवली आणि जबाब लिहून दिला की ब्रेक नवा होता, गाडी चालवणारा नवशिका होता, घाबरून त्याचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला असावा. हे शेवटचे वाक्य मला कोणी विचारले नव्हते. ते मी आपणहून घातले. रस्त्यावर चाके घासल्याची खूण नव्हती, म्हणून ते सगळ्यांना पटले. गुन्हा आनंदराज यांच्यावर दाखल झाला.

मुलीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर ते कुबडी घेऊन गॅरेजात आले. मी दिलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही.

"दादा, तुमच्यावर आळ घ्यायला आलो न्हाई," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा. बिरेक नवाच व्हता का?"

मी म्हणालो, "हाव. नवाच."

"मंग माझाच पाय चुकला," ते म्हणाले, आणि खरे बोललो म्हणून माझे आभार मानून गेले.

पुढे कोर्टात त्यांनी तेच कबूल केले. आपल्या पायाने आपली लेक मारली असे त्यांनी न्यायाधीशांपुढे सांगितले. त्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो. आत गेलो नाही.

कलम ६. हे कलम घालू नका असे वकीलसाहेबांचे मत पडले, कारण त्यावरून कोणी माझे डोके फिरले म्हणेल. मी ते ठेवतो.

लुंबिनी गॅरेजात येते. बहुधा दुपारी, किशन जेवायला गेला की. दिसत नाही. टायरांच्या बाजूने विचारते, ह्यो कोरडा कसा. मी टायर मागच्या खोलीत हलवले, तर गाडीखाली काम करायच्या खड्ड्यातून विचारायला लागली. पंचफुलाबाईने मला काही कारण न विचारता दर्ग्यावर नेले, ताईत बांधला. ताईत बांधून बसलो असतानाही लुंबिनीने विचारले. अपघातानंतर मी एकही जुना भाग नवा म्हणून टाकलेला नाही, त्या पेटीला हात लावलेला नाही, तरी ती येते. आणि मी दरवेळी तेच सांगतो, पुसून दिलाय बाई. पाच वर्षे झाली, मी तिलासुद्धा खरे सांगितलेले नाही.

माझा उजवा पाय आपोआप दबतो. जेवताना, बसमध्ये, डॉक्टरांच्या टेबलावर. दाबतो आणि खाली काही लागत नाही. मला फार भीती वाटते. मरणाची नाही, मेल्यावरही पाय असाच दबत राहील याची.

कलम ७. बार्शी रोडवरची गॅरेजची जागा, शेडसह, मी श्री. आनंदराज सोनकांबळे आणि त्यांच्या पत्नी सौ. महामाया यांना देतो. आदर्शला मी हे फोनवर सांगितले. तो पुण्यात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे. तो म्हणाला, पप्पा, सगळेच असं करतात. हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकला, म्हणून मी त्याच्यावर चिडलो नाही. पण या जागेवर त्याने दावा करू नये.

आधी माझा बेत असा होता की हा कागद बंद करून वकिलांकडे ठेवायचा आणि मी गेल्यावर तो उघडावा. आठ दिवसांपूर्वी मी पंचफुलाबाईला सगळे सांगितले. तिने शेगडी बंद केली. मग म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन राहिलात, आन् घास उतरला कसा?" आणि पुढे म्हणाली, "तुम्ही मेल्यावर सांगणार. तवर त्यो माणूस काय म्हणून जगायचा?"

म्हणून शेजारचे पंक्चरवाले नागसेन आज सकाळी आनंदराज यांना आणायला मुरुडला गेले आहेत. कशाला बोलावले ते सांगितलेले नाही. आनंदराज आले की हा कागद त्यांच्या हातात देणार आहे. तोंडाने मला सांगता येणार नाही, पाच वर्षांत आले नाही, आजही येणार नाही.

वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्षीदार राहू नये, पुढे वाद निघतात. म्हणून मी असे ठरवतो. खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवली आहे. आनंदराज यांनी तिथे सही केली तर जागा त्यांना न देता विकावी आणि येणारे पैसे जिल्ह्यातल्या मुलींच्या शिक्षणाला द्यावेत. त्यांनी सही केली नाही तर जागा त्यांचीच. मग साक्षीला वकीलसाहेबांचे कारकून बाहेर बसून आहेत. आनंदराज यांनी जागा घ्यावी अशी माझी इच्छा आहे. हा कागद फाडून माझ्या तोंडावर टाकला तरी माझी तक्रार नाही.

कलम ८. पोलिसांना दिलेला माझा जबाब खोटा आहे. हा कागद कोर्टात किंवा पोलिसांत न्यायला माझ्या मरणाची वाट बघू नये. मी लातुरातच आहे, कुठे जाणार नाही, विचारतील तिथे येऊन हेच सांगेन. मी तुरुंगात गेलो तर पंचफुलाबाईने डबा पाठवायची गरज नाही. ती पाठवील, मला माहीत आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो खरा आहे, आणि त्याखाली साक्षीदारांसमोर माझ्या हाताने सही करत आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : १२ डिसेंबर २०२४

(सही) नरसिंग हनुमंत पांचाळ

साक्षीदार १ : (सही) नागसेन माणिक वाघमारे, टायर पंक्चर दुकान, बार्शी रोड, लातूर

साक्षीदार २ : (सही) आनंदराज रामकिशन सोनकांबळे, मुरुड

नरसिंग पांचाळ यांनी माझ्यासमोर सही केली. मी सगळी पानं दोनदा वाचली. जागा मला नको, म्हणून इथं सही केली. माफीचं मी आज काही लिहीत नाही. महामाया बाहेर रिक्षात बसली आहे. पाच वर्षांत तिनं मला एकदाही विचारलं नाही की त्या वेळी तुमचा पाय कुठं होता. आता मी बाहेर जातो आणि तिला सांगतो, ब्रेकवर होता.