चार लेन आणि समोरची खोली

१२ ऑक्टोबर, हैदराबाद
बाबाशी फोनवर बोललो. म्हटलं, नोकरी सोडतो, केशोरीत आपल्या समोरच्या खोलीत गेमिंगचं दुकान टाकतो. बाबा म्हणे, "खोलीत मले धान ठेवाचा आहे. मंडईच्या जत्रेत पोरायनं मोबाईल गेमची स्पर्धा ठेवली. गावासमोर जिंकून दाखव, खोली तुझी. नाही त चूपचाप कंपनीत जाय."
झालं. खोली माझीच.

१४ ऑक्टोबर
गेम सोपा. चार लेन. गाण्याच्या ठेक्यावर गोळ्या खाली येतात. गाडी त्या लेनमध्ये न्यायची अन् ठेका पडला की टॅप. आजपासून रोज दोन तास प्रॅक्टिस. कंपनीच्या बाथरूममध्ये, आवाज बंद करून. सुपरवायझरला ऐकू जाईल म्हणून नाही. नजर पक्की होते म्हणून.

१९ ऑक्टोबर
दोन तास नाही, वीस मिनिटं. पण क्वालिटी वीस मिनिटं. ८८ टक्के टॅप बरोबर.
रूममेट हेमेंद्र, देवरीचा. म्हणे, "गोळी दिसल्यावर लेन बदलून राहिला तू, म्हणून लेट होते. दोन ठेक्याच्या मधात बदल, टॅप ठेक्यावर. अन् आवाज त चालू कर ना बे, बहिऱ्यावानी काऊन खेळते?"
स्वतः साठच्या वर गेला नाही. जळून राहिला.

२७ ऑक्टोबर
९४! आवाज लावून एकदा पाहिलं. ७१. गाणं मधात मधात येते. आवाज कच्च्या खेळाडूला लागते.

७ नोव्हेंबर, केशोरी
गावात पोचलो. रविता वहिनी म्हणे, "खोली झाडून ठेवली भाऊजी, इज्जत ठेवजा."
स्पर्धेत सात पोरं अन् मुन्नालाल काका! दंडारीच्या नाटकात ढोलकी वाजवणारे. मोबाईल पोरीचा. विचारलं, काका, लेन समजते काय? म्हणे, "नाही रे बापू. गाणं ऐकू येते ना?"
बिचारे.

९ नोव्हेंबर, दुपारी १२
मंडई भरली. पहिल्या फेऱ्या शाळेच्या खोलीत झाल्या, सगळ्या जिंकलो. फायनलला मी अन् काका. बाहेर, दंडारीच्या स्टेजवर. बाबा एकदम समोर उभे. स्क्रीन तीनदा शर्टाला पुसली. उत्साहानं.

दुपारी २
ऊन सरळ स्क्रीनवर. लेन दिसेना, गोळ्या दिसेना, माझंच तोंड दिसे. ब्राइटनेस फुल केला. एका हातानं सावली केली, तर गाडी वळवायला हात नाही. काकांचे डोळे मिटलेले. नंतर म्हणे, दर लेनचा आवाज वेगळा आहे, एक ढोलासारखी वाजते, एक झांजेसारखी. खालून कोणी ओरडलं, "अबे हैदराबाद, झोपला काय?"
काका ८३. मी ३१.
चूक आयोजकांची. मंडई संध्याकाळी भरवायला पाहिजे. बाबा उभे होते तिथं पाहिलं. नव्हते.

१० नोव्हेंबर
बाबा काल जेवून सरळ झोपले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
सकाळी दारात ट्रॅक्टर. बाबा म्हणे, "धर." मी पोत्याचं एक टोक धरलं. दोन तासात खोली खिडकीपर्यंत भरली. दुकानाचं काउंटर जिथं लावणार होतो, तिथं शेवटचं पोतं मीच टेकवलं.
बाबा म्हणे, "बस चारची आहे."
म्हटलं, माहीत आहे.